पिशवी राखणारे डॉक्टर

स्मरणिकेसाठी प्रत्येकाने एका थोर व्यक्तीचा परिचय लिहायचा असं ठरलं, तेव्हा ग्रुपवर पंधरा मिनिटांत मोठी नावं संपली. स्वामी रामानंद तीर्थ गेले, मुकुंदराज गेले, पाठोपाठ दासोपंतही गेले. मी डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर असं टाकलं. त्यावर दोन अंगठे आणि एक प्रश्नचिन्ह आलं. आपल्या बॅचमध्ये जे डॉक्टर झाले त्यांनी मात्र लगेच ओळखलं, कारण हे नाव त्यांनी परीक्षेच्या पेपरात लिहिलेलं आहे. हा लेख बाकीच्यांसाठी. इंजिनिअरिंग करून पुण्यात पंचवीस वर्षं कॉम्प्युटरपुढे बसलेल्या बाईने स्त्रीरोगतज्ज्ञावर का लिहावं, ते पुढे येईलच.

शिरोडकरांचा जन्म २७ एप्रिल १८९९ चा, गोव्यातल्या शिरोड्याचा. शिरोडे म्हटलं की आपल्याला मराठीच्या पुस्तकातले वि. स. खांडेकर आणि मिठाचा सत्याग्रह आठवतो. ते शिरोडे वेंगुर्ल्याकडचं. हे फोंडा तालुक्यातलं, तेव्हा पोर्तुगीजांच्या राज्यात असलेलं. तिथलं सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेत, म्हणून गोव्यातली बरीच मुलं शिकायला सरहद्द ओलांडून ब्रिटिश मुलखात येत. शिरोडकरांची शाळा हुबळीची. पुढे मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज, म्हणजे जे. जे. रुग्णालयाला जोडलेलं, १८४५ साली सुरू झालेलं जुनं कॉलेज. तिथून ते १९२३ साली एम.बी.बी.एस. झाले, १९२७ साली प्रसूतिशास्त्रात एम.डी. झाले, मग इंग्लंडला गेले आणि १९३१ साली एफ.आर.सी.एस. होऊन परतले. नंतर ग्रँटमध्येच प्रसूती व स्त्रीरोग विभागात प्राध्यापक. विलायतेचा शिक्का असलेल्या डॉक्टरला मुंबईत खाजगी व्यवसायात काय मिळत असेल ते सांगायला नको. तरी त्यांनी सरकारी रुग्णालयाचा वॉर्ड आणि शिकवणं धरून ठेवलं. त्यांच्या हातून पुढे जे झालं, ते त्या वॉर्डाशिवाय झालंच नसतं असं मला वाटतं, कारण तसल्या बाया एकत्र पाहायला मिळतात त्या अशाच ठिकाणी.

तसल्या म्हणजे कशा? दिवस राहायचे, तीन महिने सुरळीत जायचे, पोट दिसायला लागायचं, आणि चौथ्या ते सातव्या महिन्याच्या मधे सगळं गळून पडायचं. एकदा नाही, पुन्हापुन्हा. आपल्याकडे अशा बाईला काय काय म्हणतात ते आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. ओटी भरताना तिला बाजूला बसवतात. देव्हाऱ्यापासून दर्ग्यापर्यंत सगळं करून होतं, मग सवत येते. डॉक्टरांकडेही फार काही नव्हतं. पडून राहा म्हणायचे, हार्मोन्सची इंजेक्शनं द्यायचे. शिरोडकरांनी पाच वर्षांत अशा सुमारे ३० बाया पाहिल्या, प्रत्येकीचे किमान चार गर्भपात झालेले. या बायांमध्ये गर्भात दोष दिसत नव्हता, रक्तात दिसत नव्हता. मग बिघाड कुठे?

इथे मला त्यांचं डोकं फार आवडतं. बिघाड काय आहे यापेक्षा बिघाड कधी होतो इकडे त्यांनी नीट पाहिलं. वजन वाढायला लागलं की होतो. फारशा कळा न येता होतो. म्हणजे पिशवी बाळाला ढकलून बाहेर टाकत नाही. पिशवीचं तोंड वजन पेलत नाही, ते आपोआप उघडतं. धान्याचं पोतं भरलं आणि तोंड सैल राहिलं तर काय होतं, तेच. मग पोत्याला जे करतात तेच करायचं. तोंड बांधायचं, आणि वेळ झाली की सोडायचं.

सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात गर्भ आत असताना, खालून, योनिमार्गाने, जिथे हात वळवायला जागा नाही अशा ठिकाणी हे करायचं. गर्भाशयाच्या तोंडावरची त्वचा थोडी कापायची, समोरची लघवीची पिशवी अलगद वर सरकवायची, म्हणजे तोंडाचा आतला, वरचा भाग हाताशी येतो. तिथे बोथट वक्र सुईने पट्टी गोल फिरवून आवळायची आणि त्वचा पुन्हा शिवून ती पट्टी झाकून टाकायची. ही पट्टी कशाची? शिरोडकर ती त्याच बाईच्या मांडीतून काढत. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूंवर एक चिवट पांढरा पडदा असतो, त्याची अरुंद फीत. शरीराचाच भाग असल्यामुळे शरीर ती नाकारत नाही, आणि ती विरघळतही नाही. पुढे मर्सिलीन नावाची कृत्रिम धाग्याची फीत आली आणि मांडी कापण्याची गरज संपली.

१९५५ साली त्यांनी ही पद्धत लिहून प्रसिद्ध केली. कुठे? मद्रासहून निघणाऱ्या दि अँटिसेप्टिक नावाच्या मासिकात. लंडनच्या नाही, न्यूयॉर्कच्या नाही. तरी ती जगभर पोचली. आज अमेरिकेत किंवा जपानमध्ये प्रसूतिशास्त्राचं पुस्तक उघडलं तर त्यात शिरोडकर हे नाव सापडतं, आणि ते तिथल्या डॉक्टरांना आडनाव म्हणून माहीत नसतं, टाक्याचं नाव म्हणून माहीत असतं.

आता माझं कारण. पाचव्या महिन्यात दोनदा माझं असंच झालं. तिसऱ्या वेळी चौदाव्या आठवड्यात पुण्यात मला हा टाका घातला. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत शिरोडकर लिहिलेलं, त्यामुळे रात्रपाळीची नवी नर्स मला शिरोडकर मॅडम म्हणत होती. सदतिसाव्या आठवड्यात टाका काढला आणि आठवड्याभरात मुलगी झाली. ती यंदा दहावीला आहे. तिच्या वर्गाचाही कधीतरी असाच मेळावा भरेल.

शिरोडकरांची पद्धत आली तशी तिची अडचणही दिसली. ती अवघड आहे. लघवीच्या पिशवीला धक्का न लावता वर जायचं, तर हात सरावलेला पाहिजे, आणि असे हात थोडे असतात. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, मेलबर्नच्या इयान मॅकडोनाल्ड या डॉक्टरांनी सोपी पद्धत मांडली. त्यात त्वचा कापायची नाही, काही सरकवायचं नाही. बटव्याची नाडी जशी चारपाच ठिकाणी आतबाहेर ओवून आवळतात तसा टाका तोंडाभोवती घालायचा आणि गाठ बाहेर ठेवायची. शिरोडकरांचा टाका जास्त वर, जास्त नेमक्या जागी बसतो. मॅकडोनाल्डांचा थोडा खाली, पण तो शिकवायला सोपा आणि काढायला सोपा. आज बहुतेक ठिकाणी आधी मॅकडोनाल्डच घालतात. तो जमणार नसेल किंवा पूर्वी फसला असेल तर शिरोडकर. आमच्या क्षेत्रात अशा वेळी दोन तट पडतात आणि वर्षानुवर्षं भांडतात. इथे दोन्ही टिकले, कारण एक पद्धत तालुक्याच्या डॉक्टरसाठी झाली आणि दुसरी तिच्या मागे आधाराला उभी राहिली. एक मात्र लिहून ठेवते, कारण हा लेख वाचून कुणी डॉक्टरकडे हट्ट करायला नको. गर्भपात होणाऱ्या प्रत्येकीला हा टाका लागत नाही. तोंड सैल असल्याचं ठरलं तरच लागतो.

शिरोडकर शिकवत ते टेबलापाशी, हातात हत्यार धरून. त्यांच्या नावाची हत्यारंही आहेत, आणि १९६० साली त्यांचं प्रसूती व स्त्रीरोगशास्त्रावरचं इंग्रजी पुस्तक एडिंबराहून निघालं, ते त्यांनी स्वतः बसवलेल्या शस्त्रक्रियांचंच पुस्तक आहे. त्या यादीवरून नजर फिरवली की एक गोष्ट लक्षात येते. टाका गर्भ टिकवतो. बंद पडलेल्या गर्भनलिका उघडायची शस्त्रक्रिया, मूल व्हावं म्हणून. आणि अंग बाहेर येणाऱ्या तरुण बायांसाठी झोळीची शस्त्रक्रिया. माणूस सतत दुरुस्त करत होता. काढून टाकणं त्याच्या डोक्यात शेवटी येत होतं.

ही झोळी आपल्या जिल्ह्यासाठी फार महत्त्वाची आहे म्हणून तिच्यावर थोडी थांबते. अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय आपल्या जागेवरून खाली उतरणं. त्याला धरून ठेवणारे बंध सैल होतात. लहान वयात लागोपाठ बाळंतपणं, बाळंतपणानंतर लगेच कामाला जुंपणं आणि डोक्यावर वजन, या तिन्हींनी ते होतं. म्हाताऱ्या बाईचं गर्भाशय अशा वेळी काढतात, तेही समजून घेता येतं. पण पंचविशीतल्या, अजून मूल हवं असलेल्या बाईचं काय? शिरोडकरांनी पोटातून जाऊन गर्भाशयाची मागची बाजू फितीने माकडहाडाच्या वरच्या भागाला बांधून वर उचलून धरली. पाळणा आढ्याला टांगावा तसं. गर्भाशय जागेवर, पाळी चालू, पुढे मूलही होऊ शकतं. त्यानंतर मुंबईतल्याच पुरंदऱ्यांसारख्या डॉक्टरांनी याच्या आणखी सोप्या तऱ्हा काढल्या, आणि या झोळ्यांची एक भारतीय परंपराच झाली. ती भारतातच व्हावी यात नवल नाही. इतक्या तरुण वयात अंग उतरलेल्या बाया त्यांच्या वॉर्डात येत होत्या.

आपल्या वर्गात दसऱ्यानंतर रिकामे होणारे बाक आठवतात का? धारूर, वडवणी, केजच्या बाजूने येणाऱ्या मुली घरच्यांबरोबर ऊसतोडीला जायच्या आणि पट्टा पडला की परत यायच्या, कुणी यायच्याच नाहीत. त्यांचं दहावीच्या आधी लग्न व्हायचं, कारण कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, आणि उचल जोडीला मिळते. आपल्या मेळाव्याच्या यादीत त्यांची नावं नाहीत, कारण यादी दहावीच्या निकालावरून केली आहे. त्यांच्यापैकी एक मला काही वर्षांपूर्वी योगेश्वरीच्या देवळात भेटली. माझ्याच वयाची. पिशवी काढून बारा वर्षं झाली होती. अंगावरून पांढरं जात होतं म्हणून दाखवायला गेली, पिशवी सडली आहे, कॅन्सर होईल असं सांगितलं, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन. मुकादमाकडूनच पैसे उचलले. फडात खाडा पडला तर दंड लागतो आणि पाळीच्या दिवसांत खाडे होतात, त्यामुळे तिलाही तेव्हा बरंच वाटलं होतं. पुढे कंबर आणि हाडं दुखायला लागली, अंगातून वाफा निघायला लागल्या, झोप गेली. वजनं तर उचलायचीच होती.

२०१९ साली हे सगळ्या महाराष्ट्राला कळलं. तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या खाजगी रुग्णालयांमध्ये ४,६०५ गर्भाशयं काढली गेल्याचं विधिमंडळात सांगितलं गेलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे दर सहांत एक. त्याच्या थोडं आधी देशभर जी कुटुंब आरोग्य पाहणी झाली होती, तिच्यात १५ ते ४९ वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण शेकडा ३.२ होतं. पुढे खाजगी रुग्णालयाने गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची, असा नियम आला.

या प्रकरणात पैशाबद्दल, मुकादमाबद्दल पुष्कळ बोललं गेलं, आणि ते खरंच आहे. पण शिरोडकरांचं आयुष्य वाचताना मला आणखी एक गोष्ट दिसते, जी कमी बोलली जाते. पांढरं जाणं, सूज, जखम, अंग उतरणं, यांतल्या बहुतेक तक्रारींना औषध नाहीतर एखादी लहानशी प्रक्रिया पुरते. पण ती येणारा हात तालुक्याला नसेल, आणि पिशवी काढता येणारा हात असेल, तर बाई कुठल्या टेबलावर जाईल?

आणि लहान प्रक्रिया शिकवता येतात हे आपल्या शेजारीच सिद्ध झालं आहे. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाला धरून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गावांमध्ये एक मोठा अभ्यास झाला, त्यात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बाया होत्या. २००९ साली तो प्रसिद्ध झाला. गर्भाशयाच्या तोंडाची एका विषाणूसाठी आयुष्यात एकदा केलेली तपासणी या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, हे त्यातून जगाला कळलं. ज्यांच्या तोंडावर कर्करोगाआधीचे डाग दिसले त्यांची पिशवी काढली नाही. अतिथंड टोकाने तो भाग गोठवला किंवा विजेच्या तारेने तेवढाच काप काढला. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दुसरा अभ्यास केला. तिथे तोंडाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, लावून मिनिटभराने पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं काम कुणी केलं? किमान दहावी शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या बायांनी. मृत्यू शेकडा ३१ कमी झाले. हा दहावीचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे, रिकाम्या बाकांवरून.

शिरोडकरांचं उरलेलं चरित्र थोडक्यात. कुटुंबनियोजनाचं नाव चारचौघांत काढायची लाज वाटायची त्या काळात ते त्या चळवळीत होते. एका हाताने मूल टिकवायचं आणि दुसऱ्या हाताने नको असलेलं टाळायला मदत करायची, यात त्यांना विसंगती दिसली नसावी, आणि मलाही दिसत नाही. दोन्हीकडे बाईचं शरीर तिच्या ताब्यात राहतं. १९६० साली त्यांना पद्मभूषण मिळालं, १९७१ साली पद्मविभूषण, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, ७ मार्च १९७१ रोजी, ते गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने गर्भपाताचा कायदा केला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. तोवर चोरून, काडी घालून, सुईणीकडून होणाऱ्या गर्भपातांनी किती बाया मेल्या ते शिरोडकरांच्या पिढीच्या डॉक्टरांनी वॉर्डात रोज पाहिलं होतं. त्या कायद्याच्या २००३ च्या नियमांत एक बारीक तरतूद आहे. जो तज्ज्ञ नाही अशा एम.बी.बी.एस. डॉक्टरने मान्यताप्राप्त ठिकाणी २५ गर्भपातांना मदत केली आणि त्यांतले किमान पाच स्वतः केले, तर बारा आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताची त्याला परवानगी मिळते. हात मोजून तयार करायची ही कल्पना मला टाक्यासाठीही हवीशी वाटते, आणि झोळीसाठीही.

आपल्या अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात आज मुलं शिरोडकर आणि मॅकडोनाल्ड दोन्ही शिकतात. आपल्या बॅचमधली एक मैत्रीण तालुक्याला प्रॅक्टिस करते. मॅकडोनाल्ड ती स्वतः घालते, अवघड केस अंबाजोगाईला पाठवते. तिची डोकेदुखी वेगळी आहे. भाद्रपदात टाका घातलेली बाई दसऱ्याला टोळीबरोबर निघते आणि दिवस भरेपर्यंत कोल्हापूर, सांगली नाहीतर बेळगावकडच्या एखाद्या फडात असते. तिथे कळा सुरू झाल्या आणि टाका आत आहे हे कुणाला माहीत नसलं, तर तोंड फाटतं. म्हणून ती प्रत्येक अशा बाईला एक जाड कागदाचं कार्ड देते, प्लॅस्टिकमध्ये घालून, मंगळसूत्राच्या पोतीबरोबर ठेवायला सांगून. त्यावर टाका कुठल्या तारखेला घातला, कुठल्या प्रकारचा आहे, ओझं उचलायचं नाही आणि कळा येताच आधी टाका कापायचा, एवढंच लिहिलेलं असतं. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कानडीत.